ऑनलाइन कोर्समध्ये समीकरणं लिहायची तरी कशी? (फोटो चिकटवून कंटाळलेल्या मास्तरचा धागा)

गावभागकर | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसता वाचत असतो, आज धागा काढायची पाळी आली.

सांगलीत गावभागात माझा गणिताचा क्लास आहे, दहावी आणि अकरावी-बारावी, वीसेक वर्षं झाली. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई घरात आली तेव्हा हातानं काढलेल्या नोट्सचे गठ्ठे कपाटाच्या वरच्या कप्प्यात होते म्हणून मी निर्धास्त, पण पाणी तिथवर चढलं. नंतर गच्चीवर दोरीला वाळत घातले तर शाई सगळी एकात एक, बीजगणित कुठलं आणि भूमिती कुठली तेही कळेना. तेव्हाच ठरवलं, आता जे काय असेल ते कॉम्प्युटरवर. पुढं लॉकडाउन लागला, भाच्यानं एक साइट उभी करून दिली, तेव्हापासून ऑनलाइन कोर्स चालू आहे.

आता अडचण. व्हिडिओचं ठीक आहे, पण नोट्स आणि टेस्टमध्ये समीकरण लिहायचं म्हणजे डोक्याला ताप. मी काय करतो, कागदावर लिहितो, मोबाइलनं फोटो काढतो, कापतो, चढवतो. वर्गसमीकरणाच्या एका धड्याला ४३ फोटो झाले. आणि परवा एका पोरीनं दाखवलं की सर, तिसऱ्या पायरीत वजाचं अधिक झालंय. तीच पायरी मी पुढच्या सहा उदाहरणांत बघून बघून उतरवलेली! म्हणजे सात फोटो परत लिहा, परत काढा, परत कापा.

दुसरं त्याहून विचित्र. शनिवारच्या टेस्टला असमानतेवर प्रश्न होता, "जर ए लहान बी पेक्षा, आणि सी ऋण असेल तर..." असा, अर्थात चिन्हांत. मी नीट टाइप केलेला, माझ्या डोळ्यांनी बघितलेला. पोरांना दिसलं काय, तर "जर ए". बास. पुढचं गायब. साठ पोरं, एकामागून एक फोन. एका पालकांनी तर विचारलं, सर हा नवीन पॅटर्न आहे का बोर्डाचा?

तर जाणकारांनी सांगा. पैसे फार घालवायचे नाहीत, आणि माझं वय ५४ आहे हे लक्षात घेऊन सांगा.

भडंग_पार्सल | रविवार, रात्री ११:३१

"जर ए" 😂 सर, बोर्डानं खरंच असा पेपर काढावा, पैकीच्या पैकी पडतील.

(मी तुमच्याच गावचा, सध्या पुण्यात कोड बडवतोय. उत्तर देतो पण आधी जेवतो.)

पोवई_नाका | सोमवार, सकाळी ७:०५

गावभागकर सर, आधी तुमच्या गायब प्रश्नाचं सांगतो, कारण हे मी स्वतः भोगलंय.

वेब पानाच्या भाषेत "पेक्षा लहान" हे चिन्ह म्हणजे टॅगची (ब्राउजरला दिलेल्या खुणेची) सुरुवात. तुम्ही ए, मग ते चिन्ह, मग लगेच बी असं जागा न सोडता लिहिलं की ब्राउजरला वाटतं बी नावाचा काहीतरी टॅग सुरू झाला, आणि तो पुढचं सगळं पोटात घालून बंद व्हायची वाट बघत बसतो. उपाय साधा आहे, चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्पेस द्या, ब्राउजर मग त्याला टॅग समजत नाही. त्याहून पक्कं म्हणजे लाटेकमध्ये लिहा, वेब पानावर तिथं बॅकस्लॅश एल-टी अशी कमांड चालते, चिन्ह टाइपच करावं लागत नाही.

आता लाटेक म्हणजे काय. घाबरू नका. समीकरण जसं आपण बोलतो तसं ओळीत लिहायचं आणि चित्र काढायचं काम दुसऱ्यावर सोपवायचं, एवढंच. "एक छेद दोन" हवं असेल तर बॅकस्लॅश फ्रॅक, मग महिरपी कंसात १, मग दुसऱ्या महिरपी कंसात २. वर्गमूळ म्हणजे बॅकस्लॅश एस-क्यू-आर-टी. घात म्हणजे टोपी, ते सहाच्या बटनावरचं चिन्ह. खालचा अंक म्हणजे अंडरस्कोर. (कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या हो, मी इथं नुसता उच्चार लिहितोय.)

ह्या ओळीचं पानावर समीकरण करायचं काम मॅथजॅक्स नावाची फुकट लायब्ररी (म्हणजे तयार प्रोग्राम) करते. तुमची साइट मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायचं फुकट सॉफ्टवेअर) असेल, आणि भाच्यानं फुकटात केली म्हणजे बहुधा असेल, तर मॅथजॅक्सचा फिल्टर त्यात येतोच. फक्त ओळीच्या आधी आणि नंतर दोन-दोन डॉलरची चिन्हं टाका. एकच डॉलर टाकू नका, तो लाटेकच्या फाइलमध्ये चालतो, मूडलमध्ये एरवी चालत नाही. ह्या एका डॉलरपायी माझा एक अख्खा रविवार गेलाय.

आणि सात फोटोंचं तुम्हीच बघा. हेच टाइप केलेलं असतं तर सात ठिकाणी अधिकचं परत वजा करायला पाच मिनिटं लागली असती.

अजिंक्यतारा | सोमवार, सकाळी ९:४८

सगळ्यांची माफी मागून उलटं बोलतो. ३१ वर्षं शिकवलं, सातारा जिल्ह्यातल्या चार शाळांत. गणित हातानं लिहिल्याशिवाय येत नाही. पोरगं जेव्हा बघतं की मास्तरनं आधी छेदाची रेघ ओढली, मग खाली लिहिलं, मग थांबला, मग वर लिहिलं, तेव्हा त्याला कळतं विचार कुठून कुठं गेला. तयार छापील समीकरण धपकन समोर आलं की पोरगं ते पाठ करतं. बॅकस्लॅश नि महिरप शिकण्यात जेवढा वेळ घालवाल तेवढ्यात दहा पोरांच्या वह्या तपासून होतील.

भास्कराचार्यांनी अपूर्णांकाला मधली रेघसुद्धा दिली नव्हती, वर अंश खाली छेद, झालं. ऋण संख्या असेल तर डोक्यावर टिंब. काही अडलं का त्यांचं?

छापखाना | सोमवार, दुपारी २:१५

अजिंक्यतारा सर, भास्कराचार्यांचं काढलंत म्हणून बोलतो. अज्ञात राशीला ते काय लिहायचे? यावत्तावत् चा "या", दुसरी आली तर कालक चा "का", तिसरी नीलक चा "नी". वर्ग असेल तर पुढं "व", म्हणजे "याव" हा आपला एक्सचा वर्ग. अहो हे कमांड टाइप करणंच झालं की! ओळीत लिहायचं आणि वाचणाऱ्यानं डोक्यात मांडायचं.

आता माझं. मी मिरजेत एका प्रेसमध्ये खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवण्यापासून सुरुवात केली, पुढं डीटीपी, आता घरी बसून किरकोळ कामं. खिळ्यांच्या काळात गणिताचं काम आलं की जुळारी नाक मुरडायचे. साधी ओळ म्हणजे खिळे उचला, स्टिकमध्ये लावा, संपलं. पण अपूर्णांक आला की अंशाचे बारीक खिळे वेगळे, मधे पितळी रूळ कापून बसवायचा, खाली छेद, आणि दोन्ही बाजूंना शिशाच्या पट्ट्या कोंबून सगळं एका उंचीला आणायचं. वर्गमुळाचं छप्पर तर रुळाचा तुकडा टेकवून केलेलं असायचं, छापताना सरकलं की बारकी फट दिसायची. जुन्या पुस्तकांत अजून बघा, करणीचं चिन्ह आणि वरची रेघ यांची तोंडं एकमेकांना लागत नाहीत. मालक गणिताच्या पानाला दर जास्त लावायचा आणि ते बरोबरच होतं.

म्हणून मला हे लाटेकवालं पटतं. ते रूळ कापून बसवायचं काम आता कुणीतरी आपसूक करतंय.

पण गावभागकर सर, एक इशारा. जुनं काम कॉम्प्युटरवर आहे म्हणजे वाचलं असं समजू नका. माझ्याकडे एका क्लासची १५ वर्षांची प्रश्नपेढी वर्डमध्ये होती, मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये, समीकरणं वर्डमधल्या जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये. तो एडिटर सुरक्षेतल्या भोकापायी २०१८ च्या जानेवारीत काढून टाकला गेला. तेव्हापासून समीकरणं दिसतात, पण डबल क्लिक केलं तर दुरुस्त होत नाहीत, काचेच्या कपाटातल्या बाहुल्यांसारखी. आणि मराठी मजकूर कॉपी करून दुसरीकडे टाकला की "¨É®úÉ`öÒ" असं काहीतरी. पुरात न भिजताच माझी शाई एकात एक झाली.

उपाय सापडला तो सांगतो. लिब्रेऑफिस फुकट आहे, त्याच्या सेटिंगमध्ये लोड-सेव्हच्या खाली मॅथटाइपची (म्हणजे त्या जुन्या एडिटरचीही) समीकरणं त्यांच्या स्वतःच्या मॅथमध्ये बदलायची खूण असते. ती केली की जुनी फाइल उघडताना समीकरणं परत हलती होतात. शंभरातली काही बिघडतात, ती बसून दुरुस्त करा. मराठीसाठी फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात, पण र्‍हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यात तेल घालून तपासा.

भडंग_पार्सल | सोमवार, दुपारी २:५०

छापखाना काका, साष्टांग. हा प्रतिसाद वाखूसा (वाचनखूण साठवा).

तुमच्या रूळ कापण्यावरून आठवलं, हे सगळं सुरूच तिथून झालं. डोनाल्ड क्नूथ म्हणून अमेरिकेतले कॉम्प्युटरवाले प्राध्यापक, १९७७ साली त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघणार होती, खिळ्यांचा जमाना जाऊन फोटोटाइपसेटिंग (अक्षरं फोटोनं उमटवायची पद्धत) आलेलं, प्रुफं हातात पडली ती बघून गडी इतका वैतागला की म्हणाला मीच करतो. थोडक्यात उरकेल असं वाटलेलं, गेली दहा एक वर्षं. त्यातून टेक निघालं. त्यावर लेस्ली लॅम्पोर्टनी ऐंशीच्या दशकात सोपं आवरण चढवलं ते लाटेक. शेवटचं अक्षर एक्स दिसतं पण ते "काय" नावाचं ग्रीक अक्षर आहे, म्हणून लाटेक्स म्हणू नका, ते गाद्यांचं. टेकच्या आवृत्तीचा नंबर दर वेळी पायच्या एकेका दशांश स्थळानं वाढतो, ३.१४, ३.१४१ असं करत. आणि पुस्तकातली चूक दाखवली की क्नूथ २००८ पर्यंत २ डॉलर ५६ सेंटचा चेक द्यायचे, कारण २५६ म्हणजे सोळाच्या पायात १००, आणि शंभर सेंटचा एक डॉलर. नाद खुळा माणूस.

आता कामाचं. सर, तुमचे ४३ फोटो वाया घालवू नका. मॅथपिक्ससारखी ॲप आहेत, फोटो दाखवला की लाटेकची ओळ काढून देतात, महिन्याला थोडे फुकट. एआय चॅटवालेही देतात. छापील असेल तर मस्त, हाताचं असेल तर अक्षरावर आहे. मात्र मधे "म्हणून", "दोन्ही बाजूंना २ ने भागून" असं मराठी आलं की गाडी रुळावरून उतरते, आणि अधूनमधून वजाचं चिन्ह गिळतात. एकदा तर त्यानं माझ्या चुलतभावाच्या उदाहरणातली चूक गुपचूप दुरुस्त करून दिली, मी उतरवून घे म्हटलं होतं, सोडव कुणी सांगितलेलं!

गावभागकर | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, केलं. मूडलच निघालं. मधे स्पेस दिली, प्रश्न दिसला. पोवई नाका सर, तुम्हाला कंदी पेढे द्यायला हवेत पण ते तुमच्याच गावात.

मग लाटेकला हात घातला. पहिला तास काहीच होईना, कारण माझा कीबोर्ड मराठीवर होता आणि मी बॅकस्लॅशपुढं देवनागरीत "फ्रॅक" लिहीत होतो. 🤦 हे कुणी सांगितलं असूनही झालं. मग लाल अक्षरं आली, एक महिरप बंद करायची राहिलेली. मग एक्सचा दहावा घात लिहायला गेलो तर १ वर गेला आणि ० खाली बसला, एक्सचा पहिला घात आणि शेजारी भोपळा.

पण वर्गसमीकरणाचं सूत्र जेव्हा नीट आलं, ते वजा बी, अधिक-उणे, वर्गमुळाचं छप्पर बरोबर चार ए सी च्या शेवटपर्यंत ताणलेलं, खाली २ए मधोमध, बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, पुस्तकात असतं तसंच आहे की. म्हटलं, तेच तर!

अजिंक्यतारा सर, तुमचं मला अर्धं पटतं. शिकवताना मी हातानंच लिहिणार. मोबाइल मसाल्याच्या दोन डब्यांवर फळी ठेवून उलटा बसवलाय, खाली कागद, वरून सगळं दिसतं. प्रश्न आहे तो नोट्स आणि टेस्टचा.

पोवई_नाका | सोमवार, रात्री १०:५८

घातात एकापेक्षा जास्त काही असेल तर ते महिरपी कंसात घाला. टोपी, मग महिरपीत १०. टोपीला फक्त पुढचं एकच अक्षर कळतं.

आणि एक युक्ती, ही सगळ्यांना. मॅथजॅक्स असलेल्या कुठल्याही साइटवर चांगलं समीकरण दिसलं तर त्यावर राइट क्लिक करा, मेनूत टेक कमांड दाखवा असा पर्याय असतो, त्यांनी काय लिहिलंय ते जसंच्या तसं मिळतं. मी अर्धं लाटेक असंच उचलून शिकलो.

जतची_ताई | मंगळवार, सकाळी ६:३०

चर्चा छान चाललीय पण ती सांगली-सातारा शहरातली आहे, आमच्याकडे जत तालुक्यात येऊन बघा. माझ्या वर्गातली निम्मी मुलं वडिलांच्या फोनवर, वडील संध्याकाळी रानातून आले की. नेट असतं तेव्हा असतं. मॅथजॅक्स ही लायब्ररी बाहेरून उतरते, ती उतरली नाही तर मुलांना डॉलर डॉलर बॅकस्लॅश फ्रॅक असं कच्चंच दिसतं. एका मुलानं ते तसंच्या तसं वहीत उतरवून घेतलेलं, अक्षर सुंदर! ओरडावं की शाबासकी द्यावी कळेना.

म्हणून नोट्स मी पीडीएफमध्येच देते. एकदा उतरवली की झालं, शंभर केबीचा मामला. आणि मी लाटेक वगैरे शिकले नाही, वर्डमध्येच करते. आल्ट दाबून बरोबरच्या चिन्हाचं (=) बटन, समीकरणाची चौकट उघडते. त्यात ए, तिरपी रेघ, बी, स्पेस, की अपूर्णांक उभा राहतो. एक्स, टोपी, २, स्पेस, की वर्ग. हात माउसवर जातच नाही.

सगळ्यात उपयोगाचं सांगते. बोर्डात पायरीला गुण असतात, त्यामुळे मुलांना बरोबरच्या चिन्हाखाली बरोबर लिहायची सवय लागली पाहिजे. वर्डमध्ये एकाच चौकटीत शिफ्ट-एंटर करत पायऱ्या लिहा, मग बरोबरच्या चिन्हावर राइट क्लिक करून "बरोबरला जुळवा" अशा अर्थाचा पर्याय घ्या, सगळी चिन्हं एका रेषेत. स्पेस मारून जुळवू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की सगळं नागमोडी.

पोवई_नाका | मंगळवार, सकाळी ७:१०

ताई, मान्य. साइटवाल्यांनी काटेक (मॅथजॅक्ससारखीच दुसरी लायब्ररी) वापरलं तर थोडा फरक पडतो, २०१४ साली खान अकॅडमीनं काढलेलं, झपकन उमटतं, लायब्ररी स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते. पण तुमच्या परिस्थितीला पीडीएफच.

कुणाला लाटेकमधून मराठी पीडीएफ करायची असेल तर ओव्हरलीफ ह्या लाटेकच्या साइटवर करा, पण मेनूत जाऊन कंपायलर झीलाटेक निवडा, आपोआप असतो तो देवनागरीला नाही म्हणतो. आणि फॉन्ट सांगताना स्क्रिप्ट देवनागरी आहे हे लिहायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांटी भलत्याच अक्षराच्या मानेवर बसते. नोटो चालतो, आयआयटी मुंबईचा शोभिका पण छान आहे.

भडंग_पार्सल | मंगळवार, सकाळी ९:०२

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (ताईंच्या मुलावर विनोद केला होता, मग वाटलं त्या पोराचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं असणार.)

माणदेशी | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

मी शिक्षक नाही. आटपाडीकडचा आहे, माझ्या धाकट्या बहिणीला दिसत नाही. ती बारावीला आहे, कला शाखेतून गणित घेतलंय, होय, घेता येतं, आणि होय, कॉलेजनं आधी नको म्हटलं होतं.

तिचा एक ऑनलाइन कोर्स चालू आहे, कुठला ते नाही सांगत. त्यातले सगळे प्रश्न फोटोत. फोन तिला काय वाचून दाखवतो माहितेय? "पुढील समीकरण सोडवा. इमेज. पर्याय अ. इमेज. पर्याय ब. इमेज." ती हसते त्यावर. म्हणते दादा, सगळ्यांचं उत्तर इमेज आहे, कुठलंही निवड.

दुसऱ्या एका कोर्समध्ये समीकरणं टाइप केलेली होती. लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट असतं, त्यात मॅथकॅट नावाचं ॲड-ऑन टाकलं, ते समीकरण इंग्रजीत वाचतं, अंश कुठं संपला आणि छेद कुठं सुरू झाला तेही सांगतं, बाणाच्या बटनानं आत शिरून एकेक तुकडा ऐकता येतो. पहिल्या दिवशी तिनं विवेचकाचं एकच उदाहरण चार वेळा ऐकलं. मला वाटलं कळलं नाही. तर म्हणाली, कळलंय, परत ऐकतेय.

गावभागकर सर, तुमच्या ४३ फोटोंबद्दल एवढंच सांगायचं होतं.

अजिंक्यतारा | मंगळवार, रात्री ८:१०

माणदेशी, ह्या बाजूनं मी कधी विचार केला नव्हता. माझ्या फळ्याचाही तिला उपयोग नव्हताच. मी मात्र बोलत लिहायचो, "आता दोन्ही बाजूंना वर्गमूळ" असं, तेवढं तरी कानावर पडलं असतं. बाकी माझं म्हणणं मागं घेत नाही, मुलांनी हातानंच लिहावं. मास्तरनं टाइप करावं, मान्य.

आईचं_अकाउंट | मंगळवार, रात्री ९:४४

मी दहावीत आहे, आईच्या अकाउंटवरून लिहितोय, तिला माहीत आहे. सर लोकांना एक सांगायचं होतं, तुम्ही सगळे प्रश्न कसा लिहायचा ते बोलताय पण उत्तर आम्ही कसं लिहायचं??

मागच्या टेस्टमध्ये उत्तर ७ होतं. मी ७ च लिहिलं. चूक आलं. तीन वेळा तपासलं, आईनं तपासलं, ताईनं तपासलं, ७ च येतंय. मग कळलं की माझा कीबोर्ड मराठी होता आणि मी मराठीतला ७ लिहिला होता, त्याला इंग्रजीतला हवा होता. आम्ही मराठी मीडियम, पहिलीपासून हाच ७ लिहितोय. आणि एक्सचा वर्ग लिहायला मोबाइलमध्ये २ चं बटन दाबून धरलं की बारका २ येतो, तो पण चूक धरला.

पोवई_नाका | मंगळवार, रात्री १०:०६

बाळा, तुझा ७ बरोबर होता. शंभर टक्के.

अंकाचं उत्तर तपासणारा प्रोग्राम इंग्रजी अंकच ओळखतो, ते आम्ही बघायला हवं होतं. गावभागकर सर आणि इतर, मूडलमध्ये न्यूमेरिकलऐवजी शॉर्ट आन्सर प्रकार घ्या, त्यात एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं देता येतात. इंग्रजी अंकातलं, देवनागरीतलं, दोन्ही टाकून ठेवा. दशांश असेल तर दोन्ही प्रकारची.

उत्तर पदावली असेल तर स्टॅक नावाचा प्रश्नप्रकार आहे, एडिनबर्गच्या ख्रिस सँग्विन यांचं काम. त्याच्यामागं मॅक्सिमा ही बीजगणित करणारी प्रणाली चालते. पोरानं एक्स अधिक एकचा पूर्ण वर्ग तसाच ठेवला किंवा विस्तार करून लिहिला तरी दोन्ही एकच हे त्याला कळतं, अक्षरं जुळवून बघत नाही, गणित करून बघतो. अवयव पाडायला सांगितले असतील तर विस्तार केलेलं नाकारायला पण सांगता येतं. सर्व्हरवर मॅक्सिमा बसवावं लागतं, स्वस्तातल्या होस्टिंगवर होईलच असं नाही. भाच्याला विचारा.

गावभागकर | शुक्रवार, रात्री ११:५५

चार दिवसांनी येतोय, कारण बसून काम केलं.

वर्गसमीकरणाचा धडा पूर्ण टाइप झाला. फोटो ४३ होते, राहिला एक, पॅराबोलाचा आलेख, आणि त्याखाली तो कसा दिसतो ते चार ओळींत मराठीत लिहिलंय. माणदेशी, तुमच्या बहिणीला चालेल का एकदा ऐकून सांगायला? लिंक निरोपातून पाठवलीय, फी वगैरे काही नाही.

वजा-अधिकची ती चूक शोधली. एकाच पायरीची ओळ शोध-खिडकीत टाकली, सात नव्हे, नऊ ठिकाणी निघाली. दोन ठिकाणी कुणालाच दिसली नव्हती, मलाही. नऊच्या नऊ दुरुस्त व्हायला चहा गार झाला नाही.

जतच्या ताईंचं ऐकून त्याच ओळींची पीडीएफ पण केली. टेस्टमध्ये दोन्ही ७ टाकले. आईचं_अकाउंट, तू माझा विद्यार्थी आहेस की नाही माहीत नाही, असशील तर तुझा एक गुण वाढवलाय, नसशील तर तुझ्या सरांना हा धागा दाखव.

आता उद्या दोन चलांतली समीकरणं, क्रेमरची पद्धत. तिथं निश्चयक येणार, दोन उभ्या रेघांच्या मधे चार संख्या. मी उभी रेघ टाकली, संख्या टाकल्या, पण सगळं एका ओळीत आडवं पडतंय. काय करू?

पोवई_नाका | शनिवार, रात्री १२:०३

बॅकस्लॅश बिगिन, महिरपीत व्ही-मॅट्रिक्स. रकाना बदलायला ॲम्परसँड, ओळ बदलायला दोन बॅकस्लॅश. शेवटी बॅकस्लॅश एंड, परत महिरपीत व्ही-मॅट्रिक्स. रेघा तो स्वतः ओढतो आणि हव्या तेवढ्या लांब करतो.

आणि सर, आता झोपा.

छापखाना | शनिवार, सकाळी ५:४०

निश्चयकाच्या त्या दोन उभ्या रेघांना आम्ही पितळी रूळ उभा लावायचो. उंची कमी पडली की खाली कागदाची घडी. त्यात रूळ कधी सरळ राहिला नाही.